बारा व्होल्ट आहेत, तरी फॅन फिरत नाही

पहिली शंका एसीवर आली. एप्रिलच्या उन्हात सिंहगड रोडच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीतून कोमट हवा यायला लागायची. सिग्नल सुटून जरा वेग घेतला की पुन्हा गार. गाडी दहा-अकरा वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. घरात एकमताने निदान झालं: गॅस संपला. आपल्याकडे एसीचं काहीही बिघडलं की गॅसच संपलेला असतो.

एसीवाला मात्र भला निघाला. त्याने गेज लावले, गाडी जागेवर चालू ठेवली आणि मला म्हणाला, "मॅडम, काटा बघत राहा." जास्त दाबाच्या लाइनचा काटा साडेतीनशे पीएसआयच्या पुढे सरकत होता. मग त्याने मगभर पाणी घेतलं आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, भसकन ओतलं. काटा झरझर खाली आला आणि आत बसलेली मुलगी ओरडली, "आई, गार आलं!" पाणी वाळलं तसा दाब पुन्हा चढायला लागला. "गॅस बरोबर आहे. तुमचा फॅन फिरत नाहीये," तो म्हणाला आणि गेज गुंडाळायला लागला. गॅस भरून दोन हजार रुपये घेणं त्याला सहज शक्य होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे ते मगभर पाणी मला फार आवडलं. छोट्या गाड्यांत पुढच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या मागे रेडिएटर आणि त्याच्या मागे एक विजेचा फॅन, जो दोघांमधून हवा ओढतो. गाडी साठ-सत्तरने धावत असते तेव्हा समोरून येणारा वारा पुरतो, फॅनची गरजच नसते. उभ्या गाडीला वारा नाही, तिथे सगळी भिस्त फॅनवर. म्हणजे "उभी राहिली की गरम, चालली की गार" ही तक्रार ऐकली की संशय आधी वाऱ्यावर जायला हवा. पाणी कमी असेल, पंप गेला असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल तर गाडी हायवेवर आणि चढावरही तापते, उलट तिथे जास्तच तापते.

फॅन बघायला गाडी सोमवारी गॅरेजला द्यायची ठरलं, पण शनिवारी कराडला लग्न होतं आणि ते टळणारं नव्हतं. पहाटे निघालो, गारव्यात काही वाटलं नाही. खंबाटकीच्या घाटात मात्र पुढे एक ट्रक बंद पडलेला, आणि आम्ही त्या रांगेत मुंगीच्या पावलांनी चढतोय. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला. हा काटा फसवा असतो हे माहीत असलेलं बरं: बहुतेक नव्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. इंजिन ऐंशी अंशांवर असो की शंभरवर, काटा तिथेच. त्यामुळे तो हलताना दिसला म्हणजे गोष्ट आधीच पुढे गेलेली असते. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखा चारवर केला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्यातून फिरतं आणि उष्णता गाडीत येते. मे महिन्यात, जरीच्या साडीत, तोंडावर हीटर. सासूबाई मागे बसून पदराने वारा घेत होत्या, पण काटा तिथेच थांबला, लाल पट्ट्याला शिवला नाही. घाटमाथ्यावर मोकळा रस्ता मिळाला आणि दोन-तीन किलोमीटरांत काटा जागेवर आला.

त्या रांगेत दोन गाड्या बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या होत्या आणि एका गाडीचा मालक रेडिएटरच्या झाकणाला फडकं गुंडाळत होता. त्याला चार जणांनी मिळून थांबवलं, ते फार बरं झालं. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण वातावरणाच्या वर साधारण ०.९ बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. अशा ११० अंशांच्या पाण्यावरचा दाब झाकण फिरवून एकदम काढला, की ते सगळं त्याच क्षणी उकळतं आणि फवारा थेट तोंडावर येतो.

सोमवारी गॅरेज. गाडी माझ्या नावावर, प्रश्न मी विचारलेला, उत्तरं नवऱ्याकडे बघून. पहिल्या ठिकाणी बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं की रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट असा पूर्ण सेट बदलावा लागेल. अकरा हजारांचा अंदाज व्हॉट्सअॅपवर आला. फॅन फिरत नाही हे मी दोनदा सांगितलं. "फॅन होईल हो, आधी कूलिंग सिस्टिम करून घेऊ." फॅन हा कूलिंग सिस्टिमचा भाग आहे की नाही, हे विचारायचं मी सोडून दिलं.

दुसऱ्या ठिकाणच्या कारागिराने निदान काम तरी केलं. मोटरचा कपलर (वायरींचा जोड) सोडला, बॅटरीवरून दोन वायरी काढून मोटरला लावल्या आणि फॅन घरघरत फिरला. "मोटर ओके." मग कपलरच्या वायरिंगकडच्या टोकात मीटर घातला, एसी चालू करायला सांगितला. बारा व्होल्ट. "करंट पण ओके." मग त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "डायरेक्ट करून देऊ का? डॅशबोर्डला एक बटण टाकतो. गाडी गरम वाटली की दाबायचं. चारशे रुपये."

फॅन "डायरेक्ट" करणं हा आपल्याकडचा जुना इलाज आहे आणि मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. रात्री अकरा वाजता चिपळूणच्या अलीकडे फॅन बंद पडला तर मीही बॅटरीवरून वायर ओढून घरी येईन. पण कायमचं बटण म्हणजे दहा-पंधरा अँपिअरचा करंट डॅशबोर्डच्या बारीक वायरीतून न्यायचा, बरेचदा मध्ये फ्यूज नाही, आणि ते दाबायची आठवण ठेवायची मी. त्याच भेटीत थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही फुकट मिळाला, "आपल्याकडच्या हवेत लागत नाही" असं म्हणून. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन लवकर तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि गाडी उलट जास्त तापते.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने पछाडलं. मोटर चांगली. तिच्यापर्यंत बारा व्होल्ट येतायत. मग जोडल्यावर फिरत का नाही? यातलं एक विधान खोटं असणार, आणि मला कुठलं ते साधारण कळत होतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडलं. सोबत शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा मीटर नव्हता, प्रयोगशाळेतला बरा मीटर घरी आणला होता. शिवाय ईएलएम ३२७ म्हणून मिळणारा ब्लूटूथचा डोंगल, जो स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये घातला की फोनवर ईसीयूची माहिती दिसते. एक सूचना आधीच देते, कारण ती बोटांची आहे: इग्निशन चालू असेल, आणि काही गाड्यांत बंद असतानाही, हा फॅन केव्हाही सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस यांचंही तेच.

आधी हाताने पातं फिरवून पाहिलं. फिरलं, पण मोकळं नाही. किंचित कर्र आवाज करत, सोडल्यावर लगेच थांबलं. ते मनात नोंदवून ठेवलं.

मग सेन्सर. फॅन केव्हा लावायचा हे ईसीयू कूलंटच्या सेन्सरवरून ठरवतो. तो सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा रोध कमी होणारा थर्मिस्टर. तो खोटं सांगत असेल तर बाकी सगळं ठीक असूनही फॅन लागणार नाही. हे तपासायला काही सोडावं लागत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू न करता फक्त किल्ली फिरवायची आणि डोंगलवर कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेशी ताडून पाहायचं. कूलंट २८, आत येणारी हवा २८. गाडी चालू केल्यावर आकडा धक्के न खाता ४०, ६०, ८० असा सरळ वाढत गेला, थर्मोस्टॅट उघडल्यावर जरा रेंगाळला, ९० ओलांडून ९८ला गेला. त्याच क्षणी बोनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात 'टक्' आवाज आला. फॅन मात्र ढिम्म. १०३ला मी गाडी बंद केली.

ती 'टक्' फार मोलाची. ईसीयू मोटरला स्वतः वीज देत नाही. तो रिले नावाच्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या छोट्या कॉइलचं एक टोक अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडतो, कॉइल चुंबक होते, आतली पट्टी ओढली जाते आणि बॅटरीची जाडी वाट मोटरकडे उघडते. म्हणजे सेन्सर, ईसीयू आणि कॉइल ही हुकूम देणारी अर्धी बाजू शाबूत. चेक इंजिनचा दिवा का लागला नाही तेही यावरून उमगलं: या गाडीच्या ईसीयूला कॉइलपर्यंतचंच कळतं. पुढे मोटर फिरली की नाही हे बघायला त्याच्याकडे डोळे नाहीत.

राहिली करंटची बाजू: बॅटरी, ३० अँपिअरचा फ्यूज, रिलेचे कॉन्टॅक्ट, वायर, कपलर, मोटर, बॉडी अर्थ. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. रिले हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल केला. दोन्ही एकाच जातीचे होते. हॉर्न फॅनच्या रिलेवर वाजला, फॅन हॉर्नच्या रिलेवरही फिरला नाही. रिले संशयातून सुटला.

गाडी पुन्हा तापवत बसायला नको म्हणून सेन्सरचा कपलर काढून ठेवला. सेन्सर गायब झाला की बरेच ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन सरळ चालू करतात. माझ्या गाडीत नुसती किल्ली फिरवली तरी रिले लागला. डोंगलवर पी ०११८ हा कोड उमटला, तो नंतर पुसून टाकला. आता मोटरचा कपलर सोडून त्यात मीटर लावला: १२.४ व्होल्ट. गॅरेजमधल्या माणसाने पाहिलं तेच.

इथेच सगळे फसतात, आणि फसवणारा मीटर चांगला असतो म्हणून फसतात. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. बारा व्होल्टला त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर वाहतो. वाटेत कुठे पाच ओहमचा गंजलेला, जळलेला जोड असेल तर एवढासा करंट त्याची दखलही घेत नाही. पाच मायक्रोव्होल्टची घट मीटरच्या पडद्यावर दिसणारच नाही. उलट थांबलेल्या मोटरचा रोध एका ओहमहूनही कमी. तिला पाच ओहमच्या जोडामागे उभं केलं की बारापैकी दहा व्होल्ट तो जोडच खातो आणि मोटरच्या वाट्याला हुंकार भरण्यापुरतंही उरत नाही. वीज आहे की नाही हे मीटरने विचारायचं, पण वीज पुरेल का, हे विचारायला लोड, म्हणजे भरपूर करंट ओढणारं काहीतरी, लागतो.

लोड म्हणून हेडलाइटचा जुना एच-फोर बल्ब घेतला, एक फिलामेंट गेलेला, दुसरं ५५ वॅटचं चांगलं. त्याला दोन वायरी बांधून मोटरच्या जागी कपलरात खोचला. किल्ली फिरवली. बल्ब मेणबत्तीइतका लालसर पेटला आणि मीटर १२.४ वरून ३.१वर आला. पार्किंगमध्ये एकटीच होते तरी "हां!" असं मोठ्याने म्हणाले. वॉचमनने वळून पाहिलं.

आता उरलेले व्होल्ट कुठे गेले ते शोधायचं. बल्ब पेटता ठेवायचा आणि मीटरची एक पिन एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, असं एकेक तुकडा मोजत जायचं. चांगल्या वायरीच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य यायला हवं. कपलरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१. अर्थ चांगला, खरं तर माझा पहिला संशय त्याच्यावर होता, कारण हेडलाइटखालचा तो बोल्ट पावसाळ्यात कायम चिखलात असतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजच्या डोक्यापर्यंत ०.२. फ्यूजपासून कपलरच्या पॉझिटिव्हपर्यंत ९.१. बेरीज करून पाहा: ३.१, ०.१, ०.२ आणि ९.१ मिळून साडेबारा, म्हणजे जवळपास बॅटरीइतकेच. किरचॉफचा हा नियम मी दर वर्षी फळ्यावर शिकवते आणि मुलं दर वर्षी विचारतात की हे लागतं कुठे.

फ्यूज आणि कपलर यांच्यात रिले, त्याचा बेस आणि एक वायर, एवढंच. रिले आधीच संशयातून सुटला होता. बोटाने रिले किंचित एका बाजूला दाबला आणि बल्ब भक्कन पांढरा झाला. सोडला, लाल. दाबला, पांढरा. रिले उपसून टॉर्च मारला तर ८७ नंबरच्या पिनेभोवतीचं काळं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. त्या खाचेतली पितळी पकड तापून तापून नरम पडली होती, रिलेच्या पिनेला घट्ट धरतच नव्हती. फॅन कधी फिरायचा, कधी नाही, याचंही कारण हेच; खड्ड्यात गाडी आपटली की पकड जरा बसायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही म्हणायचो, आज एसी बरा आहे. बल्ब फार वेळ पेटता ठेवला नाही, कारण त्या एका टोकावर अठरा-वीस वॅट उष्णता होत होती.

ती पकड बदलणं माझ्या हातचं नव्हतं. आमच्या भागात एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, टपरीवजा दुकान, आयुष्य ट्रकच्या वायरिंगमध्ये गेलेलं. सगळे त्यांना काका म्हणतात. मी आकड्यांचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"एवढं शोधलंत ताई, मग माझ्याकडे काय काम?"

"पिन कोण काढणार, काका?"

ते हसले आणि कामाला लागले. त्यांच्याकडे मीटर होता, पण वापरात दिसत नव्हता. खिळ्याला टांगलेला टेस्ट लॅम्प मात्र हाताळून हाताळून चकाकत होता. बॅटरी काढून त्यांनी फ्यूजचा डबा वर उचलला, खालचं झाकण काढलं आणि ठोकून चपट्या केलेल्या छत्रीच्या काडीने पिनेची कुलूपपट्टी दाबून पकड मागून ओढून काढली. तिला लागून असलेल्या वायरीचं इन्सुलेशन इंचभर कडक, ठिसूळ झालेलं. तेवढी वायर कापली, आत काळं पडलेलं तांबं दिसलं, म्हणून आणखी थोडी कापली. लालसर तांबं लागलं तिथे थांबले. नवी पकड भंगारातल्या चांगल्या डब्यांतून काढून जमवलेल्या पिनांच्या डब्यातली. ती पक्की दाबून बसवली, डाग दिला नाही. मी विचारल्यावर म्हणाले, "गरम होणाऱ्या जागी कथील कशाला? उद्या तेच वितळायचं." बल्ब लावून पाहिला: ११.९. मोटर जोडली, फॅन फिरला.

मी पैशांसाठी पर्स काढली, तर काका म्हणाले, "थांबा. ती जळली कशाने ते बघायला नको?"

त्यांच्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर होता. फॅनच्या वायरीला नुसता वेढा घालायचा, काही कापायचं नाही. सुरुवातीचा झटका सोडून दिला, तरी मोटर स्थिरपणे १७-१८ अँपिअर घेत होती. या मापाच्या मोटरला दहाच्या आसपास पुरायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. पात्याची कर्र मला आठवली. मोटर मोकळी फिरते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर घालते. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजून ती जड फिरायला लागली की वेग कमी, उलट व्होल्टेज कमी, करंट जास्त. फ्यूज ३० अँपिअरचा, त्याला अठराचं काही वाटलं नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची जागा होती रिलेची पकड, ती तापत गेली. म्हणजे बॅटरीवर लावून "मोटर ओके" म्हणणारा तो कारागीरही अर्धाच बरोबर होता. फिरते हे खरं, किती खाऊन फिरते हे कुणी पाहिलं नव्हतं. नुसती पकड बदलून गेले असते तर वर्षभरात नवी पकडही तशीच तपकिरी झाली असती.

मोटर नाना पेठेतून आणली. तिथे एकाच मोटरचे तीन भाव असतात: कंपनीच्या खोक्यातली, गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांच्या खोक्यातली आणि बिनखोक्याची. मी मधली घेतली, अठराशेला. जुनी मोटर आणि कपलरचा फोटो सोबत नेला होता, ते बरं केलं. त्याच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मोटरचे कपलर वेगळे निघाले. जुन्या बाजारात दोन-तीनशेत मिळाली असती, पण झिजलेल्या बुशच्या जागी दुसऱ्याचा झिजलेला बुश आणण्यात अर्थ नव्हता.

बसवायला वेळ लागला नाही. दहाच्या पान्याचे चार बोल्ट काढले की फॅन त्याच्या चौकटीसकट वर उचलून निघतो, रेडिएटरचा होस काढावा लागत नाही, निदान या गाडीत तरी. पात्याच्या मधल्या नटाचे आटे उलटे होते. मी नेहमीच्या दिशेने जोर लावणार, तेवढ्यात काकांनी पाना हातातून काढून घेतला. फॅन बाहेर होता तोवर रेडिएटर आणि कंडेन्सर मागून पुढे पाण्याच्या हलक्या धारेने धुतले. मधून किडे, पिसं आणि लाल मातीचा गाळ निघाला. जोराच्या प्रेशरने धुतलं की बारीक पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते, म्हणून साधी नळीच.

एक गंमत राहिली. नव्या मोटरच्या दोन्ही वायरी काळ्या होत्या, फक्त एकीवर पुसटशी रेघ. उलट्या जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि इंजिनाची गरम हवा पुढे ढकलते. आवाज येतो, वारा येतो, सगळं छान वाटतं आणि गाडी मात्र तापत राहते. यावर काकांची तपासणी अशी: फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर कागद धरायचा. कागद आत ओढला जाऊन जाळीला चिकटला तर बरोबर. माझा आकड्यांचा कागदच जाळीला चिकटला. क्लॅम्प मीटरवर साडेनऊ अँपिअर.

घरी येऊन गाडी जागेवर चालू ठेवून डोंगल लावून बसले. ९८ला टक्, लगेच फॅनचा आवाज, आकडा सावकाश ९२ला आला, फॅन बंद. पुन्हा ९८, पुन्हा ९२. एसी लावला की फॅन लगेच सुरू, आणि उभ्या गाडीत गार हवा. दहा मिनिटं फॅन फिरल्यावर रिले काढून पिनांना बोट लावून पाहिलं. कोमट, चटका नाही. हे मी आता महिन्यातून एकदा करते.

जुनी मोटर काकांनी माझ्यासमोर उघडली होती. कार्बन चांगले होते, अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. मागचा बुश मात्र लंबगोल झाला होता, वंगणाचा मागमूस नाही, आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, एका बाजूने चुंबकाला घासून त्यावर आरशासारखा पट्टा पडला होता. बुश बदलून ती आणखी काही वर्षं चालली असती, असं काका म्हणाले आणि तिला बाकाखालच्या खोक्यात टाकलं. कुठल्यातरी टेम्पोला ती लागेलच.

पकड, मजुरी आणि मोटर मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. काकांनी मजुरीचे साडेतीनशे घेतले, वर चहा पाजला. रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट अजून जुनेच आहेत. कूलंट मात्र दिवाळीत बदलायचं आहे, त्याला तीन वर्षं होत आली.